गाडीच्या मीटरची डायल बदलताना या चुका टाळा

दसरा जवळ आला की आपल्याकडे गाड्या सजायला लागतात. सीट कव्हर, म्युझिक, मागच्या काचेवर नाव आणि आता त्यात मीटरच्या पांढऱ्या किंवा निळ्या चमकणाऱ्या डायलची भर पडली आहे. डायल ऑनलाइन मिळते, फार महागही नसते आणि काम सोपं दिसतं: काच काढा, काटे काढा, जुनीवर नवी डायल बसवा. मग दोन-चार दिवसांत वायरमनच्या दुकानात तक्रार येते, "भाऊ, काटा वापस येऊनच नाही राहिला."

बहुतेक वेळा नव्या डायलमध्ये काहीच दोष नसतो. काटा उपटताना त्याची मूळ जागा हरवलेली असते आणि पुढची सगळी डोकेदुखी तिथून सुरू होते. म्हणून स्क्रूला हात लावण्याआधीची अर्ध्या तासाची तयारी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि नेमकी तीच लोक टाळतात.

आधी गाडी चालवून नोंद करा. मोबाइलवर जीपीएसचा वेग दाखवणारं ॲप सुरू करून सोबत्याला शेजारी बसवा. सरळ, मोकळ्या रस्त्यावर मीटरचा काटा 40, 60 आणि 80 वर स्थिर असताना जीपीएस काय सांगतो ते त्याला लिहायला लावा. पांढरकवडा किंवा हिंगणघाटच्या बाजूला असाल तर नागपूर-हैदराबाद महामार्ग यासाठी चांगला आहे. जीपीएस मिळत नसेल तर किलोमीटरचे दगड आहेतच: खरा वेग 60 असेल तर एका दगडापासून पुढच्या दगडापर्यंत बरोबर 60 सेकंद लागतात. मग इंजिन पूर्ण गरम झाल्यावर टेंपरेचरचा काटा कुठे थांबतो आणि रेडिएटरचा पंखा सुरू होतो तेव्हा कुठे असतो, त्याचा फोटो घ्या. टाकी फुल असताना डिझेलच्या काट्याचाही घ्या. शेवटी चावी बंद असताना आणि चावी चालू पण इंजिन बंद असताना सगळे काटे कुठे असतात, ते समोरून टिपा. फोटो तिरका घेतला तर काटा एक-दोन रेघा सरकलेला दिसतो आणि तो फोटो कामाचा राहत नाही.

या नोंदीत कंपनीचं मीटर जीपीएसपेक्षा तीन-चार किलोमीटर जास्त दाखवतं असं दिसेल. तो बिघाड नाही, ते मुद्दाम तसं ठेवलेलं असतं. संयुक्त राष्ट्रांच्या 39 क्रमांकाच्या नियमानुसार मीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवायचं नाही, जास्त दाखवलं तर चालतं; तेही खऱ्या वेगाच्या दहा टक्के अधिक 4 किलोमीटर, इतक्याच मर्यादेत. नवी डायल लावताना "आता बरोबर जीपीएसला जुळवून टाकू" म्हणून काटा मागे बसवू नका. जरा जास्त मागे गेला की समृद्धीवर तुमचं मीटर 118 दाखवत असेल आणि गाडी 120 ची मर्यादा ओलांडून गेलेली असेल.

आता काटा काढण्याची गोष्ट. इथे गाडीचा प्रकार आधी ओळखावा लागतो.

जुन्या ओम्नी, मारुती 800 आणि जुन्या जीपांमध्ये स्पीडोमीटर केबलवर चालतो. केबल आत एक चुंबक फिरवते, त्याच्या ओढीने काट्याची वाटी फिरते आणि केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे ओढून धरते. शून्याजवळ एक छोटी खुंटी असते. गाडी उभी असताना काटा त्या खुंटीला टेकलेला दिसतो, पण स्प्रिंग त्याला अजून खाली ओढत असते. म्हणजे काट्याची खरी विश्रांतीची जागा शून्याच्या खाली आहे. काटा सरळ उपटला की तो ज्यावर बसतो तो दांडा त्या जागी फिरतो, आणि नवी डायल लावून काटा थेट शून्यावर दाबला की स्प्रिंगचा ताण गेला. मग मीटर सगळीकडे जास्त दाखवतं आणि काटा शून्यावर नीट परतत नाही.

उपाय सोपा आहे. काटा न काढता त्याचं टोक अगदी हलकेच उचलून खुंटीवरून पलीकडे सोडा. तो खाली जाऊन जिथे स्वतःहून थांबेल, तिथे डायलवर कागदी टेप लावून पेन्सिलने रेघ मारा आणि त्याच स्थितीत फोटो घ्या. मगच काटा काढा. नवी डायल बसवल्यावर काटा त्याच रेघेवर लावा आणि शेवटी उचलून खुंटीच्या वरच्या बाजूला आणा. काटा काढताना मधल्या टोपीखाली दोन्ही बाजूंनी कापड गुंडाळलेले दोन चहाचे चमचे सरकवा आणि सरळ वर उचला. पेचकसाने एका बाजूने उचकटलं की दांडा वाकतो, आणि वाकलेल्या दांड्यावर काटा फिरताना डायलला घासतो.

नव्या गाड्यांत काट्यामागे छोटी मोटर असते. हा काटा बोटाने फिरवून पाहण्याचा मोह आवरा, आतले प्लास्टिकचे दाते तुटतात. मीटरचा प्लग आणि बॅटरी जोडून, चावी चालू करून मोटर आपल्या शून्यावर जाऊ द्या आणि वेगाचा काटा तेव्हा अलगद बसवा. डिझेल आणि टेंपरेचरच्या काट्यांसाठी आधीचे फोटोच प्रमाण धरा, कारण काही गाड्यांत ते चावी बंद केल्यावरही जागेवरच राहतात. काटा दाबताना डायल आणि टोपी यांच्यात खेळातला पत्ता सरकेल एवढी फट हवी. खालपर्यंत ठोकलेला काटा चिकटतोच.

एअरबॅगच्या गाडीत एक पथ्य पाळाच. दहाच्या पान्याने बॅटरीची निगेटिव्ह काढा, दहा मिनिटं थांबा, मग मीटर बाहेर घ्या. मीटरचा प्लग निघालेला असताना चावी फिरवली तर एअरबॅगचा दिवा लागून राहतो आणि तो घालवायला स्कॅनरवाल्याकडे जावं लागतं.

दिव्यांबद्दल एक गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. डायलसोबत मागचे सगळे बल्ब काढून एलईडी टाकतात. उजेडाचे बल्ब खुशाल बदला. एलईडी पेटला नाही तर उलटा फिरवून लावा, त्याला प्लस-मायनस असतं. पण जुन्या गाड्यांत बॅटरीचं चित्र असलेल्या लाल दिव्याला हात लावू नका. बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरला सुरुवातीचा करंट त्याच बल्बमधून जातो. तिथे एलईडी लावला की चार्जिंग सुरूच होत नाही आणि चांगली बॅटरी दोन दिवसांत बसते. मग लोक बॅटरी बदलतात, अल्टरनेटर खोलतात, आणि दोष त्या चार आण्यांच्या बदलात असतो.

चमकणाऱ्या डायलला छोटा इन्व्हर्टर असतो. तो शंभर व्होल्टच्या घरातला करंट काढतो, त्यामुळे उघडा जोड ठेवू नका. त्याची वायर पार्किंग लाइटच्या वायरला जोडा; थेट बॅटरीला दिली तर डायल रात्रभर जळत राहते. तिची पट्टी दुमडली की तेवढा भाग कायमचा काळा पडतो.

आपल्याकडच्या उन्हाचाही विचार करा. मे महिन्यात अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरीला पारा 45 च्या वर जातो आणि उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड हात लावू देत नाही. साधा डबल टेप त्यात वितळतो, डायल मधोमध फुगते आणि काटा तिच्यावर अडकतो. सकाळी ठीक चालणारा काटा दुपारी 40 वर थांबत असेल तर हेच कारण समजा. उष्णता सहन करणारा पातळ टेप वापरा आणि डायलला मूळ स्क्रू असतील तर ते सगळे परत लावा. फ्लेक्सच्या दुकानातून साध्या स्टिकरवर छापून घेतलेली डायल मी कुणालाच सुचवणार नाही. ती आक्रसते, इशाऱ्याच्या दिव्यांच्या खिडक्या सरकतात आणि आकड्यांमधलं अंतर मूळ डायलशी जुळत नाही. विकत घेतानाही आपल्या डायलवरचा शेवटचा आकडा जुळतो का पाहा. 140 च्या मीटरवर 180 ची डायल दिसायला छान, पण तिच्यावरचा प्रत्येक आकडा खोटा.

काच पेट्रोलने किंवा थिनरने पुसू नका, ती पांढरट पडते. कोरड्या कापडाने जोरात घासली तर तिच्यात स्थिर वीज साठते आणि काटा काचेकडे ओढला जाऊन मधेच थांबतो. ओलसर मऊ कापड हलकेच फिरवलं की तो सुटतो. काम शेतातल्या गोठ्यासमोर नको, बंद खोलीत करा. काळ्या मातीची बारीक धूळ आत गेली की पुन्हा सगळं खोलावं लागतं.

सगळं बसल्यावर पुन्हा तीच फेरी मारा आणि वहीतले आकडे पडताळा. वेगात दोन किलोमीटरचा फरक चालेल, टेंपरेचरच्या काट्यात चालणार नाही. वऱ्हाड भरून भर उन्हात निघालेली गाडी तापली आणि काटा मध्यावरच दाखवत राहिला, तर हेड गॅस्केट (इंजिनच्या डोक्याखालचं सील) जाईपर्यंत ड्रायव्हरला कळत नाही. पंखा सुरू होताना काटा जुन्या फोटोतल्या जागी नसेल, तर तो काढून पुन्हा बसवल्याशिवाय गाडी बाहेर नेऊ नका.

किलोमीटरच्या आकड्यांना मात्र हात लावायचा नाही. ते मागे फिरवणं ही गाडी घेणाऱ्याची फसवणूक आहे. चालू स्पीडोमीटर असणं केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 नुसार बंधनकारक आहे, त्यामुळे काटा बिघडला तर "नंतर पाहू" म्हणत तसंच फिरू नका. जुनी डायल आणि काढलेले स्क्रू एका पाकिटात घालून गाडीच्या कागदांसोबत ठेवा, म्हणजे गरज पडली तर मूळ मीटर परत बसवता येईल.