वर्गात सिनेमा लावताय? आधी या चुका टाळा

साहित्याच्या अभ्यासक्रमात आता सिनेमा, मालिका, रील, हळदीतली गाणी असं बरंच काही आलंय. शिकवणारे बहुतेक मराठीचे किंवा इंग्रजीचे प्राध्यापक. कविता शिकवायची सवय सिनेमाला तशीच लावली की घोटाळा होतो. ठाणे-नवी मुंबईतल्या कॉलेजांत त्यात वर्गखोली आणि लोकलचं वेळापत्रक यांचीही भर पडते.

अख्खा सिनेमा लावणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. तास पन्नासेक मिनिटांचा आणि सिनेमा अडीच तासांचा. तीन तासांत तुकडे पाडून दाखवला तर पहिल्या दिवशी बसलेली मुलं तिसऱ्या दिवशी नसतात. शनिवारी सलग लावला तर बदलापूर-टिटवाळ्याची मुलं मध्यंतरालाच घड्याळ बघू लागतात, आणि घणसोली-पनवेलची मुलं ट्रान्स-हार्बर मार्गाची लोकल गाठायला उठतात. एवढं करून दिवे लागल्यावर प्रश्न एकच उरतो, "कसा वाटला?" उत्तरही ठरलेलं, "भारी होता, सर."

सिनेमा मुलांनी आधी बघून यायचा. आठवडाभर आधी सांगा. सगळ्यांकडे ओटीटी नसतं, म्हणून ग्रंथालयात डीव्हीडी ठेवा किंवा ऐच्छिक खेळ लावा. वर्गात चार-पाच मिनिटांचं एकच दृश्य आणा आणि ते तीनदा चालवा. पहिल्यांदा आवाज पूर्ण बंद, म्हणजे प्रकाश, अंतर, हालचाल दिसू लागते. दुसऱ्यांदा पडदा झाकून फक्त आवाज. शिट्टी, पंखा, दूरचा लाउडस्पीकर असं कितीतरी तेव्हा पहिल्यांदा ऐकू येतं. तिसऱ्यांदा दोन्ही एकत्र. यात पंधरा मिनिटं जातात, उरलेला वेळ चर्चेला मिळतो.

मग पाचपाच जणांच्या गटांना शॉटची, म्हणजे मध्ये न तुटलेल्या एकेका तुकड्याची, यादी करू द्या: शॉट किती सेकंदांचा, माणूस किती जवळ, कॅमेरा स्थिर की हलता, कानावर काय पडतंय. यादी दहा शॉटपुरतीच ठेवा, त्यापुढे ती नुसती कारकुनी होते. लॅपटॉपवर व्हिडिओ चालवणाऱ्या व्हीएलसी प्लेअरमध्ये 'ई' दाबत गेलं की चित्र एकेक फ्रेमने पुढे सरकतं, आणि ए-बी लूपने एखादा तुकडा पुन्हापुन्हा चालवता येतो. हे आदल्या दिवशी हाताखालून घाला. वर्गासमोर मेनू शोधत बसलात की मागच्या बाकांवर मोबाइल निघतात.

पडदा काळा, आवाज चालू

ओटीटीवरचा सिनेमा लॅपटॉपवर नीट दिसतो, पण प्रोजेक्टरवर फक्त आवाज येतो. केबल सैल असेल म्हणून ती हलवली जाते, शिपाईदादांना बोलावलं जातं, वीस मिनिटं जातात. बऱ्याचदा केबलचा काही दोष नसतो. जुन्या प्रोजेक्टरला व्हीजीए ही जुन्या पद्धतीची जोडणी असते, मध्ये अडॅप्टर लावलेला असतो, आणि नक्कल रोखण्यासाठीचं एचडीसीपी संरक्षण त्या जोडणीतून चित्र जाऊ देत नाही. थेट एचडीएमआय असलेला प्रोजेक्टर मागून घ्या, किंवा डीव्हीडी अथवा निर्मात्याने स्वतः यूट्यूबवर ठेवलेली प्रत वापरा. ऑनलाइन तासाला स्क्रीन शेअर करताना चौकट काळी पडते, तीही याच जातीच्या संरक्षणामुळे.

मराठी सबटायटलच्या जागी चौकोन किंवा प्रश्नचिन्हं दिसली तर सबटायटलची फाइल यूटीएफ-8 या अक्षर-संकेतात जतन करा आणि प्लेअरच्या सेटिंगमध्येही तेच निवडा. ओळी ओठांच्या पुढेमागे धावत असतील तर व्हीएलसीत 'जी' आणि 'एच' ने त्या सरकवता येतात.

प्रोजेक्टर तपासताना उजेडाचं दृश्य लावू नका, रात्रीचं लावा. खिडकीला पातळ पडदे असले तर अकराच्या उन्हात रात्रीचं दृश्य नुसतं राखाडी दिसतं, आणि मुलं "काही कळलं नाही" म्हणतात ते खरंच असतं. आवाजही शेवटच्या बाकावर जाऊन ऐका. साठ मुलांच्या वर्गात लॅपटॉपचा स्पीकर पोचत नाही. पावसाळ्यात तर नाहीच.

याची उलट बाजूही आहे. 'सैराट'च्या (2016) अगदी शेवटी आवाज काढून घेतला आहे. तिथे स्पीकर बिघडला असं समजून त्याकडे धावणारे शिक्षक आहेत. शिकवायचं दृश्य आधी दोनदा पाहिलेलं नसलं की असं होतं. आणि त्या दृश्यात काय आहे हे लावण्यापूर्वी सांगा, नको असेल त्याला बाहेर जाऊ द्या, कारण विचारू नका. जात, लग्न आणि हिंसा हा वर्गातल्या काहींसाठी घरचाच विषय असू शकतो.

"पुस्तकच चांगलं होतं"

माध्यमांतर, म्हणजे पुस्तकावरून केलेला सिनेमा, शिकवताना चर्चा इथे येऊन अडते. काय गाळलं, काय बदललं याची यादी फळ्यावर येते आणि सिनेमा आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहतो. 'बनगरवाडी' ही 1955 ची कादंबरी, सिनेमा 1995 चा. कादंबरीत मास्तर 'मी' म्हणून बोलतो. गाव आपल्याला त्याच्याच नजरेतून मिळतं. कॅमेऱ्याला 'मी' म्हणता येत नाही, त्याच्यासमोर मास्तरही एक माणूस होऊन उभा राहतो. तेव्हा प्रश्न बदला: कादंबरीतला एक परिच्छेद निवडा आणि त्यातलं कोणतं वाक्य चित्रात येऊच शकत नाही ते शोधायला लावा. तिथून निवेदनाबद्दलचं बोलणं आपोआप सुरू होतं, आणि आवडलं-नावडलं मागे पडतं.

लोकगीत आणि लोकप्रिय गीत एकाच पोत्यात

लोकप्रिय संस्कृती म्हटलं की शिक्षक स्वतःच्या विशीतली गाणी आणतात. मुलांना ती इतिहासच वाटतात. खरं तर दिवाळे, घणसोली, कोपरखैरणे या गावांतून येणाऱ्या मुलांकडे उत्तम सामग्री असते. हळदीला धवलारीण, म्हणजे लग्नविधीची गाणी म्हणणारी बाई, म्हणते तो धवला आणि त्याच रात्री डीजेवर वाजणारं आगरी-कोळी गाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलं तोंडी चालत आलेलं, कर्ता अज्ञात, विधीला बांधलेलं, गाणारणीगणिक बदलणारं. दुसऱ्याला गीतकार आहे, ध्वनिमुद्रण आहे, यूट्यूबवरचा आकडा आहे. दोन्हींना 'लोकसंगीत' म्हणून मोकळं झालात तर शिकवण्याजोगं सगळं निसटतं: ओळ इकडून तिकडे कशी गेली, कुणाचं नाव लागलं, कुणाचं राहिलं.

एक सांभाळा. आगरी बोलणाऱ्या मुलाला "जरा बोलून दाखव" म्हणून नमुन्यासारखं उभं करू नका. त्याने स्वतःहून सामग्री आणली तर ठीक. रील किंवा मीम अभ्यासाला घेतलं तर तारखेसह स्क्रीनशॉट ठेवा, कारण परीक्षेपर्यंत ते उडालेलं असतं. खाजगी खात्यांची नावं झाका.

कायद्याचा बाऊ किंवा बेफिकिरी

काहीजण घाबरून काहीच दाखवत नाहीत, काहीजण टेलिग्रामवरून उतरवलेली प्रत लावतात. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये शिक्षणसंस्थेच्या कामाचा भाग म्हणून विद्यार्थी, कर्मचारी आणि पालकांपुरता सिनेमा दाखवायला सवलत आहे. फेस्टिवलला बाहेरचे प्रेक्षक बोलावले, तिकीट लावलं, की ती सुटली, परवानगी घ्या. ओटीटीच्या स्वतःच्या अटी वेगळ्या असतात, त्या वाचाव्या लागतात.

जुजबी असाइनमेंट

"अमुक चित्रपटातील स्त्री-चित्रण स्पष्ट करा" या प्रश्नाचं उत्तर आता अर्ध्या मिनिटात चॅटबॉट देतो, तेही सिनेमा न बघता. प्रश्नच असा द्या की सिनेमा उघडावाच लागेल: एक दृश्य, किमान चार निरीक्षणं, प्रत्येकाला तास-मिनिट-सेकंद. वीस मार्कांपैकी आठ निरीक्षणाला, सहा युक्तिवादाला, तीन संदर्भाला, तीन भाषेला ठेवून बघा. संदर्भासाठी ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात (स्थापना 1893) जुनी मासिकं विचारायला मुलांना पाठवा. तिथे तासभर बसलेल्याची टिपणं लगेच ओळखू येतात. तपासताना प्रत्येक पेपरातल्या कोणत्याही दोन वेळा निवडून सिनेमा तिथे न्या. लिहिलेलं दृश्य तिथे नसेल तर पेपर परत, आणि मुलाला शेजारी बसवून तो भाग पुन्हा बघायला सांगा.