एलडीएच तपासणीला जाण्याआधी

चिठ्ठीवर सीबीसी, क्रिएटिनिन आणि त्याखाली ‘एलडीएच’ लिहिलेलं दिसलं, तर दवाखान्यातून बाहेर पडण्याआधीच डॉक्टरांना विचारून घ्या, ही तपासणी कशासाठी सांगितली? बाकीची तयारी नंतर करता येईल. या तपासणीचा आकडा एकटा काहीच सांगत नाही, म्हणून हा प्रश्न आधी हवा.

एलडीएच म्हणजे लॅक्टेट डिहायड्रोजिनेज. पायरुवेटचं लॅक्टेट आणि लॅक्टेटचं पायरुवेट करणारं हे एन्झाइम शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत असतं. पेशी धडधाकट आहे तोवर ते आत राहतं. पेशी फुटली किंवा मेली की रक्तात उतरतं. त्यामुळे रक्तात ते वाढलं की कुठेतरी पेशींची मोडतोड चालू आहे, एवढं कळतं. कुठे चालू आहे, ते मात्र कळत नाही. हृदय, यकृत, फुप्फुसं, मूत्रपिंडं, स्नायू, लाल पेशी या सगळ्यांचा हिशेब एकाच आकड्यात येतो. डॉक्टरांच्या मनात काय आहे (लाल पेशी फुटताहेत का, लिम्फोमा म्हणजे लसीका ग्रंथींचा कॅन्सर उपचारांना दाद देतोय का) हे तुम्हाला माहीत असेल, तरच रिपोर्ट हातात आल्यावर तो वाचता येईल.

आधीच्या दोन-तीन दिवसांत जड व्यायाम, लांब पल्ल्याची धाव, ओझी उचलणं टाळा. दमलेल्या स्नायूंतूनही एलडीएच बाहेर पडतं आणि आकडा उगाच चढतो. पडला असाल, मुका मार लागला असेल, नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल, तर ते सांगायला विसरू नका. घेत असलेल्या औषधांची यादी कागदावर लिहून न्या. त्यात अ‍ॅस्पिरिन आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्याही आल्या, कारण क जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेने आकडा खाली दिसू शकतो. पण स्वतःच्या मनाने एकही गोळी बंद करू नका. नुसत्या एलडीएचसाठी सहसा उपाशीपोटी यावं लागत नाही. सोबत साखर किंवा लिपिड असेल तर लागू शकतं, म्हणून लॅबला आदल्या दिवशी विचारा. पाणी मात्र पिऊन या, नस पटकन सापडते.

आता सुई टोचतानाच्या गोष्टी, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण मी वर्षानुवर्षं हेच काम करते आणि या तपासणीतला सगळ्यात मोठा घोटाळा इथेच होतो. लाल पेशींमध्ये एलडीएच रक्तद्रवाच्या शंभरपटीहून जास्त असतं. रक्त काढताना त्या पेशी फुटल्या, तर तुमच्या शरीरात काही झालेलं नसतानाही आकडा वाढतो. रक्त गोठल्यावर ट्यूब सेंट्रीफ्यूजमध्ये फिरवून बाहेर काढली की खाली गडद लाल थर आणि वर गवताच्या काडीसारखं फिकट पिवळं सीरम दिसतं. पेशी फुटल्या असतील तर तेच सीरम गुलाबी, कधी चक्क सरबतासारखं लाल दिसतं. असं सॅम्पल या तपासणीसाठी कामाचं नाही.

हे टाळायला तुम्हीही हातभार लावू शकता. वेळेच्या दहा मिनिटं आधी येऊन शांत बसा. आधी कोणत्या हाताची नस चटकन मिळाली होती, ते सांगा. मूठ सारखी उघडझाप करू नका. स्पिरिट पूर्ण वाळू द्या. दंडाचा पट्टा मिनिटाहून जास्त वेळ आवळलेला राहिला तर न संकोचता सांगा, कुणीही भला माणूस रागावणार नाही. बारीक सुईने जोर लावून ओढलेलं किंवा ट्यूब जोरात हलवलेलं रक्त बिघडतं. मी शिकत होते तेव्हा एका आजोबांचं असं रक्त गेलं, सीरमच्या रंगाकडे कुणी लक्ष दिलं नाही, आणि वरच्या मर्यादेच्या दुपटीचा आकडा छापून गेला. दोन दिवस त्या घरात कुणी धड जेवलं नाही. दुसऱ्या सॅम्पलमध्ये आकडा अगदी नेहमीसारखा आला. तेव्हापासून प्रत्येक ट्यूब मी उजेडाकडे धरून बघते. रिपोर्टवर ‘हिमोलाइझ्ड सॅम्पल’ (म्हणजे लाल पेशी फुटलेलं रक्त) असा शेरा दिसला, तर आकडा वाचूच नका, नवीन रक्त द्या.

आणखी एक, सॅम्पल दुसरीकडे पाठवणार असतील तर ते थंडीत ठेवणार का, हे विचारून ठेवा. एलडीएचचे पाच उपप्रकार आहेत. त्यातले यकृत आणि स्नायूंकडचे प्रकार थंडीत लवकर निकामी होतात, म्हणून ही ट्यूब खोलीच्या तापमानालाच ठेवलेली बरी.

रिपोर्ट आल्यावर आधी शेजारचा, नेहमीच्या मर्यादेचा रकाना बघा. बऱ्याच लॅबमध्ये मोठ्या माणसांसाठी साधारण १४० ते २८० युनिट प्रति लिटर असं काहीतरी छापलेलं असतं, पण काही जुन्या पद्धतींत हाच पल्ला जवळजवळ दुप्पट असतो. त्यामुळे एका लॅबचा ४०० आणि दुसऱ्या लॅबचा २०० शेजारी ठेवून आकडा निम्म्यावर आला म्हणू नका. पुन्हा करायची तर शक्यतो त्याच लॅबमध्ये करा. लहान मुलांचे आकडे मोठ्यांपेक्षा जास्तच असतात, बाळांचे तर खूपच. आकडा थोडा कमी आला तर सहसा त्याला अर्थ नसतो.

आकडा वाढलेला असेल तर सोबतचे रिपोर्ट काढून बसा. बिलिरुबिन (काविळीत वाढणारं पिवळं द्रव्य) वाढलेलं, हॅप्टोग्लोबिन (सुट्या हिमोग्लोबिनला पकडणारं प्रथिन) घटलेलं आणि रेटिक्युलोसाइट (नव्या, कोवळ्या लाल पेशी) जास्त, तर लाल पेशी फुटत असाव्यात. एएलटी, एएसटी ही यकृताच्या तपासणीतली एन्झाइम्स वाढलेली असतील तर नजर यकृताकडे, सीके हे स्नायूंतलं एन्झाइम वाढलेलं असेल तर स्नायूंकडे. बी-१२ फार कमी झालं तर अर्धवट घडलेल्या लाल पेशी अस्थिमज्जेतच मरतात आणि एलडीएच हजारांत जाऊ शकतं. एवढा आकडा बघून घरचे थेट कॅन्सरवर येतात, आणि बी-१२ची इंजेक्शनं सुरू झाली की तो काही दिवसांतच उतरू लागतो. हृदयविकाराच्या झटक्यासाठी पूर्वी एलडीएच बघत, पण ते चढायलाच बराच वेळ घेतं आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी कळस गाठतं. आता त्या कामाला ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या स्नायूतल्या प्रथिनाची रक्ततपासणी आहे. म्हणून छातीत दुखत असेल, धाप लागत असेल, लघवी चहासारखी गडद होत असेल किंवा डोळे पिवळे दिसत असतील, तर एलडीएचच्या रिपोर्टची वाट बघत घरी थांबू नका.

फुप्फुसाभोवतीचं पाणी काढायचं ठरलं असेल तर रक्तातलं एलडीएच त्याच दिवशी द्या, उद्यावर ढकलू नका. हे पाणी कशामुळे साचलं याचा अंदाज घ्यायला १९७२ सालापासून वापरात असलेल्या, डॉ. लाइट यांच्या निकषांत पाण्यातलं आणि रक्तातलं एलडीएच यांचं गुणोत्तर काढतात. ते ०.६ च्या वर गेलं तर डॉक्टर जंतुसंसर्ग, क्षय, कॅन्सर अशा कारणांच्या शोधाला लागतात. कॅन्सरचे उपचार चालू असतील तर मागचे सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून न्या, प्रत्येकावर त्या वेळी केमोची कितवी फेरी झाली होती ते पेनाने लिहा. डॉक्टर आकडा वर जातोय की खाली येतोय, ते आधी बघतात.