‘फ्लॉ’ हा इंग्रजी शब्द नेमका कोठे वापरावा

‘फ्लॉ’ म्हणजे दोष, एवढे शब्दकोशात मिळते. परंतु ‘डिफेक्ट’, ‘फॉल्ट’ आणि ‘ब्लेमिश’ यांनाही मराठीत आपण दोषच म्हणत असल्यामुळे इंग्रजी लिहिताना या चौघांची सरमिसळ होते. ती टाळण्यासाठी दोष कोठे आहे हे आधी पाहावे. एरवी चांगल्या असलेल्या वस्तूच्या, विचाराच्या किंवा स्वभावाच्या घडणीतच तो असेल आणि त्यामुळे तिचे बळ वा मोल कमी होत असेल, तर ‘फ्लॉ’ लिहावे. आपल्या ‘खोट’ या शब्दाच्या तो सर्वात जवळचा आहे.

केवळ वर दिसणाऱ्या डागाला ‘ब्लेमिश’ म्हणतात, मग तो त्वचेवरचा असो वा नावलौकिकावरचा. हिऱ्यांच्या प्रतवारीत हा भेद फार काटेकोरपणे पाळला जातो: अमेरिकेतील जीआयए या संस्थेच्या पद्धतीनुसार दहापट मोठे करून पाहिल्यावर आत किंवा पृष्ठभागावर काहीही न आढळणारा हिरा ‘फ्लॉलेस’ ठरतो, तर आतून स्वच्छ, पण पृष्ठभागावर किरकोळ ‘ब्लेमिश’ असलेला हिरा ‘इंटर्नली फ्लॉलेस’ या खालच्या प्रतीत जातो. कारखान्यातून ठरलेल्या मानकाला न उतरलेला माल बाहेर पडला, तर त्यात ‘डिफेक्ट’ असतो. ‘फॉल्ट’मध्ये बिघाडाबरोबर जबाबदारीचाही अर्थ येतो, म्हणून ‘इट इज माय फॉल्ट’ हे वाक्य बरोबर आहे आणि तेथे ‘फ्लॉ’ मुळीच चालत नाही.

या शब्दाचा खरा उपयोग युक्तिवाद, योजना आणि संशोधन यांविषयी लिहिताना होतो. ‘देअर इज अ फ्लॉ इन द आर्ग्युमेंट’ असे म्हटले की निष्कर्ष चुकीचाच आहे असे ठरत नाही. तेथवर नेणाऱ्या साखळीतील एखादी कडी कच्ची आहे, एवढेच सांगितले जाते. परीक्षण लिहिणाऱ्याने ही मर्यादा जपलीच पाहिजे आणि दोष दाखवताना ती कडी कोणती हेही स्पष्ट लिहिले पाहिजे. साहित्यचर्चेतील ‘ट्रॅजिक फ्लॉ’, म्हणजे शोकांतिकेच्या नायकाला विनाशाकडे नेणारा दोष, ही संज्ञा मात्र जपून वापरावी. ॲरिस्टॉटलच्या ‘हमार्तिया’साठी ती रूढ झाली असली, तरी त्या ग्रीक शब्दाचा रोख स्वभावदोषापेक्षा हातून घडलेल्या चुकीकडे अधिक आहे, असे अनेक अभ्यासक मानतात आणि ते मला पटते.

रचनेच्या दृष्टीने ‘फ्लॉ’नंतर सहसा ‘इन’ येते. मराठीतील ‘योजनेचा दोष’ डोक्यात ठेवून ‘फ्लॉ ऑफ द प्लॅन’ लिहू नये. ‘फ्लॉड’ हे विशेषण अहवाल, प्रक्रिया किंवा गृहीतक यांना शोभते. बंद पडलेल्या पंख्यासाठी ‘फॉल्टी’ किंवा ‘डिफेक्टिव्ह’ लिहावे. उच्चार ‘लॉ’शी जुळणारा ठेवावा, कारण ‘फ्लो’ म्हटल्यास ऐकणाऱ्याला प्रवाह अभिप्रेत आहे असे वाटते.