वी शॉप चॅनेलवरून घेतलेले गेम जपून कसे ठेवावेत

१९९४ साली सुरू झालेली सेगा चॅनेल ही सेवा केबल टीव्हीच्या तारेतून गेम पाठवत असे, पण ते अ‍ॅडॅप्टरच्या तात्पुरत्या मेमरीत राहत असल्याने कन्सोल बंद करताच नाहीसे होत. २००६ मध्ये निन्टेंडो वी या गेम कन्सोलसोबत आलेल्या वी शॉप चॅनेलवरचे गेम मात्र कन्सोलमध्येच साठवता येत. तेथील खरेदी ३० जानेवारी २०१९ रोजी बंद झाली. घेतलेले गेम पुन्हा डाउनलोड करण्याची सोय त्यानंतरही ठेवण्यात आली. मात्र पुढे तीही बंद होईल, असे कंपनीने सांगून ठेवलेले असल्यामुळे हे काम लांबणीवर टाकू नये.

पहिली अडचण बहुधा इंटरनेट जोडणीची येते. वी केवळ २.४ गिगाहर्ट्झवर चालते आणि तिला डब्ल्यूपीए३ ही नवी सुरक्षापद्धत कळत नाही, त्यामुळे राउटरवर २.४ गिगाहर्ट्झचे नेटवर्क डब्ल्यूपीए२ वर ठेवावे. जोडणी झाल्यावर शॉप चॅनेलमध्ये आपण पूर्वी डाउनलोड केलेल्या गेमची यादी उघडावी आणि कन्सोलमध्ये नसलेले गेम उतरवून घ्यावेत. तेथील खाते काढून टाकण्याचा पर्याय चुकूनही निवडू नये.

कन्सोलची अंतर्गत मेमरी अवघी ५१२ मेगाबाइट आहे आणि तिचा काही भाग प्रणालीच वापरते. जागा ब्लॉकमध्ये मोजली जाते. आठ ब्लॉक म्हणजे एक मेगाबाइट. वीवेअर गेमला (खास या शॉपमधून डाउनलोड करण्यासाठी बनवलेल्या गेमला) ४० मेगाबाइटची मर्यादा होती, म्हणजे असा एकच मोठा गेम सुमारे ३२० ब्लॉक व्यापतो. त्यामुळे एसडी कार्ड लागतेच. सिस्टिम मेनू (कन्सोलची मूळ प्रणाली) ४.० किंवा त्यापुढचा असल्यास ३२ जीबीपर्यंतचे एसडीएचसी, म्हणजे जास्त क्षमतेचे एसडी, कार्ड चालते. त्याआधीच्या मेनूवर २ जीबीचीच मर्यादा आहे.

कार्ड घातल्यावर मुख्य पडद्याच्या डाव्या कोपऱ्यातील वी बटणातून डेटा मॅनेजमेंटमध्ये जावे, चॅनेल्स निवडावे आणि एकेका गेमवर जाऊन तो कार्डवर कॉपी करावा. गेममधली प्रगती वेगळ्या सेव्ह फाइलमध्ये असते. ती सेव्ह डेटा विभागातून स्वतंत्रपणे कॉपी करावी लागते आणि काही गेम त्यास परवानगी देत नाहीत. नंतर कार्ड संगणकाला जोडल्यास 'प्रायव्हेट' फोल्डरमधील 'वी' आणि त्यातील 'टायटल' या फोल्डरमध्ये प्रत्येक गेमच्या चार अक्षरी संकेतनामाचे फोल्डर दिसेल. कार्डे खराब होतात, म्हणून संपूर्ण 'प्रायव्हेट' फोल्डरची प्रत संगणकावर ठेवणे मी अत्यावश्यक मानतो.

ही प्रत ज्या कन्सोलवर तयार झाली त्याच कन्सोलवर चालते, कारण ती त्याच्या स्वतःच्या किल्लीने कूटबद्ध केलेली असते. तेव्हा कार्डाइतकीच त्या यंत्राचीही काळजी घ्यावी. कार्डवरचा गेम सुरू करताना तो तात्पुरता अंतर्गत मेमरीत आणला जातो, म्हणून आपल्याकडच्या सर्वांत मोठ्या गेमएवढे ब्लॉक तेथे नेहमी मोकळे ठेवावेत.