जुन्या जिप्सीत तेराशेचं इंजिन बसवताना

बाबांची १९९४ ची मारुती जिप्सी नागपूरजवळच्या काटोलकडे आमच्या संत्र्याच्या बागेत अजून राबते. तिचं मूळ इंजिन ९७० सीसीचं, साधारण ४५ अश्वशक्तीचं. पावसाळ्यात क्रेट भरून काळ्या मातीतून नाला चढायचा म्हटलं की तिचा दम निघायचा. गाडी विकायला मन होईना, म्हणून जिप्सी किंगचं, म्हणजे जिप्सीच्याच नंतरच्या मॉडेलचं, १२९८ सीसीचं एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शनने पेट्रोल सोडणारं) इंजिन घालायचं ठरवलं. ते ८० अश्वशक्तीचं. काम झालं, पण पाच महिने लागले, कारण मी सुरुवातच चुकवली.

इंजिन एकटं आणू नका. मी आणलं. विकणाऱ्याने ते चालवून दाखवलं, मी लगेच टेम्पोत टाकलं. घरी येऊन पाहतो तर हार्नेस (वायरिंगचा जुडगा) मधोमध कापलेला आणि ईसीएम (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) नाहीच. वायरींचा एकेक कपलर जुळवत मिस्त्रीभाऊंचे दिवसच्या दिवस गेले. एकाच किंगमधून सगळं उचला: इंजिन, पाच गिअरचा बॉक्स, क्लच, अख्खा हार्नेस, ईसीएम, टाकीतला पंप, रेडिएटर, सायलेन्सरचा पाइप, फाउंडेशनचे (इंजिन चेसिसवर धरणारे) ब्रॅकेट. मारुती इस्टीम कारचं इंजिन याच घराण्यातलं, पण ते गाडीत आडवं बसतं आणि जिप्सीचं उभं, म्हणजे गाडीच्या लांबीत. त्याचा खालचा ऑइल चेंबरही चालत नाही.

विकत घेण्याआधी कॉम्प्रेशन तपासा. चारही सिलिंडरमधला फरक एक किलोच्या आत हवा. इंजिनाचं बिल आणि मूळ गाडीच्या आरसीची प्रत हाती आल्याशिवाय पैसे देऊ नका. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे असा बदल आरटीओच्या मंजुरीने करायचा असतो. परवानगी आधी, पाना नंतर. विमा कंपनीलाही लेखी कळवा.

जुनं इंजिन उतरवणं सोपं आहे. बॅटरी सोडा, पाणी-ऑइल काढा, बॉनेट आणि रेडिएटर बाजूला ठेवा, चेनकप्पीने उचला. इंजिन बाहेर आहे तोवर नव्याचा टायमिंग बेल्ट, वॉटर पंप आणि मागचं ऑइल सील बदलून घ्या.

खरी कसोटी बसवण्यात आहे. जिप्सीची ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) गिअरबॉक्सला थेट जोडलेली नसते. ती चेसिसवर वेगळी लटकते आणि मध्ये एक छोटा शाफ्ट असतो. ट्रान्सफर केस जागची हलवू नका, म्हणजे पुढचा-मागचा प्रोपेलर शाफ्ट जसाच्या तसा राहतो. इंजिन-गिअरबॉक्स जागेवर धरून फाउंडेशनला आधी फक्त वेल्डिंगचे टाके मारा. मग पुढच्या अॅक्सलखाली जॅक लावून पाटे पूर्ण दाबा आणि चेंबर, एक्झॉस्ट, स्टिअरिंगची दांडी कुठे लागते का पाहा. जागा पुरली तरच पूर्ण वेल्डिंग. छोट्या शाफ्टचं माप सगळ्यात शेवटी घ्या आणि लेथवाल्याकडून तो बॅलन्सही करून आणा. माझा पहिला शाफ्ट बॅलन्स न करता तसाच बसवला होता, तर चाळीसच्या पुढे फरशी थरथरायची.

कार्ब्युरेटरचा जुना पेट्रोल पाइप ठेवू नका. इंजेक्शनला दाब लागतो, म्हणून दाबाचा पाइप नवा टाका आणि टाकीकडे परतीची लाइनही द्या. इंजिनाची अर्थिंगची पट्टी चेसिसवरचा रंग खरवडून, नागड्या लोखंडावर कसा. आमच्या गाडीचा मधेच बंद पडण्याचा आजार तिथेच निघाला.

आता नागपूरचं ऊन. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, आणि लो गिअरमध्ये गाडी हळू चालते तेव्हा समोरून वारा मिळत नाही. जुना रेडिएटर कितीही साफ केला तरी भरवसा नाही. किंगचाच लावा, आणि पंख्याभोवतीचं कडं अजिबात सोडू नका. कडं नसलं की पंखा तीच गरम हवा फिरवत बसतो. थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारा व्हॉल्व्ह) काढून टाकायचा सल्ला इथे बरेच जण देतात, मला तो पटत नाही. इंजिन नीट तापलंच नाही तर ईसीएम पेट्रोल जास्त सोडत राहतो.

ब्रेकचे होज, व्हील सिलिंडर आणि लायनर नवे घातल्याशिवाय रस्त्यावर जाऊ नका. मी भर दुपारी क्रेटमध्ये वाळूची पोती भरून रामटेकचा गड चढलो, वर पोचून इंजिन पाच मिनिटं चालू ठेवलं. तापमानाचा काटा मधेच राहिला. उतरताना ब्रेक तपासले, आणि दुसऱ्या दिवशी फाउंडेशनचे सगळे बोल्ट पुन्हा कसले. दोन सैल निघाले होते.