कोत द्यु रोन घेताना आणि पिताना

स्वस्त फ्रेंच रेड वाइन म्हणून कोत द्यु रोन घेतली, पण घरी ती गरम, नुसती अल्कोहोलच्या झोताची लागली, तर दोष बहुतेक वेळा तापमानाचा असतो. दक्षिण फ्रान्समधल्या रोन खोऱ्यातल्या या मिश्रणात ग्रनाश द्राक्ष मुख्य, जोडीला सिरा आणि मूर्वेद्र. ग्रनाश उन्हात भरपूर साखर धरते, त्यामुळे अल्कोहोल 14 टक्क्यांच्या आसपास सहज जातं. 30 अंशांच्या खोलीत तेच नाकात चढतं.

1. लेबलवर ‘कोत द्यु रोन’च्या पुढे ‘व्हिलाज’ आहे का पाहा. असेल तर ती वाइन बनवण्याचे नियम जास्त कडक. त्यापुढे सेग्युरे, साब्ले असं गावाचं नाव असेल तर आणखी कडक. थोडे जास्त पैसे इथेच घाला, जड बाटलीवर किंवा सोनेरी लेबलवर नकोत.

2. साध्या बाटलीवरचं साल ताजं बघा, तीन-चार वर्षांच्या आतलं. ही साठवायची वाइन नव्हे.

3. बादलीत निम्मा बर्फ, निम्मं पाणी घालून बाटली 10-12 मिनिटं बुडवा. पाणी हवंच, नुसत्या बर्फाचे खडे काचेला जेमतेम टेकतात. फ्रिजमध्ये याच कामाला तासाहून जास्त लागतो. 16 अंशांच्या आसपास आली की ओता.

फार गार मात्र करू नका. फळाचा स्वाद दबतो आणि तुरटपणा तेवढा पुढे येतो. तसं झालंच तर ग्लास तळव्यात धरून पाच मिनिटं थांबा.