अलिबाग ते हर्णै: किनाऱ्यावर फिरताना या चुका टाळा

माझं माहेर रेवदंड्याचं. पाऊस सरला की पुण्या-मुंबईच्या नातलगांचे फोन सुरू होतात: "शनिवार-रविवार येतोय, काय काय बघू?" प्रत्येकाला मी तेच सांगते आणि दरवर्षी निम्मी मंडळी त्याच चुका करून परत जातात. म्हणून एकदा लिहूनच ठेवते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे भरती-ओहोटी न बघता निघणं. खोली कुठे घ्यायची, मासे कुठे खायचे, हे चारचारदा विचारतात. पाणी कधी उतरणार हे कोणी विचारत नाही. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं आणि भरतीला तोच किल्ला चारी बाजूंनी पाण्यात असतो. तिथे जायची वेळ समुद्र ठरवतो.

काही वर्षांपूर्वी डिसेंबरात दीर, जाऊ, त्यांची दोन मुलं आणि माझ्या आतेसासूबाई आल्या होत्या. आत्यांचं वय तेव्हा ६२. निघायला उशीर झाला, अलिबागच्या किनाऱ्यावर पोचलो तेव्हा सव्वाअकरा वाजले होते. तिथी चतुर्थी. मी म्हटलं, नऊलाच ओहोटी झाली, आता पाणी चढतंय, उद्या सकाळी येऊ. दीर म्हणाले, "वहिनी, एवढे लोक चाललेत की! पाणी घोट्याएवढंच आहे." मी जास्त ताणलं नाही, आणि ते ताणायला हवं होतं.

आत सिद्धिविनायकाचं देऊळ पाहिलं, गोड्या पाण्याचं तळं पाहिलं, तटावरच्या दोन तोफांपाशी मुलं रमली. यॉर्कशायरला ओतलेल्या तोफा आहेत त्या, गाड्यासकट. बाहेर आलो तर पाऊण वाजलेला आणि दारापुढचा खडक दिसेनासा झालेला. "पटकन जाऊ" म्हणत सगळे पाण्यात उतरले. पन्नास पावलांवर पाणी मांडीला लागलं, पुढे कमरेला. वाळू सपाट असती तरी निभावलं असतं, पण मध्ये मध्ये खडक आहे आणि त्या खडकाला कालवं चिकटलेली असतात. त्यांच्या कडा ब्लेडसारख्या. आत्यांची चप्पल वाहून गेली, पाय घसरला आणि तळवा फाटला. किनाऱ्याकडे जाळं घेऊन निघालेल्या एका कोळीदादांनी धाकट्याला खांद्यावर घेतलं, आत्यांचा हात धरला आणि आम्हाला खडक टाळून वळसा घालून वाळूवर आणलं. आत्यांना तीन टाके पडले. ते नसते तर काय झालं असतं, ते मी अजूनही मनात येऊ देत नाही.

आमचे आजोबा पंचांग बघून सांगायचे: तिथीला तीनाने गुणायचं, चाराने भागायचं, येतो तो आकडा पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला चार त्रिक बारा, भागिले चार, म्हणजे तीन वाजता भरती, दुपारी आणि पहाटेही. त्याच्या सहा तास अलीकडे-पलीकडे ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येनंतर पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. अर्धा-पाऊण तास इकडे तिकडे होतो, म्हणून मोबाइलवर त्या दिवसाचा भरतीचा तक्ताही बघा. मी दोन्ही बघते. गणित मात्र यायलाच हवं, कारण त्यातून सहलीची तारीखच ठरवता येते. लोक हौसेने पौर्णिमेचा शनिवार-रविवार धरतात. त्या दिवशी भरती दुपारी साडेअकरा-बाराच्या सुमारास आणि ओहोटी सकाळी-संध्याकाळी सहाच्या आसपास, म्हणजे मधला सगळा वेळ किल्ला पाण्यात. अष्टमीला ओहोटी दुपारी बाराला येते, पण ती भांगाची, पाणी पुरतं उतरतच नाही. कुलाब्यासाठी मला तृतीया ते पंचमीची सकाळ आवडते. ओहोटीच्या तासभर आधी, पाणी मागे सरत असताना निघायचं आणि ओहोटीनंतर तासाभरात वाळूवर परत यायचं. उशीर झाला तर किल्ला दुरून बघायचा आणि गावात कान्होजी आंग्र्यांच्या समाधीवर जायचं. १७२९ साली ते अलिबागेतच वारले, आणि ज्याच्या आरमारामुळे हा किनारा ओळखला गेला त्याच्या समाधीपाशी मी जाते तेव्हा बहुतेक वेळा कोणीच नसतं.

गाडी वाळूत घालू नका. ओली वाळू डांबरासारखी घट्ट दिसते, पण गाडी थांबली की चाकाखालची वाळू सुटते आणि ॲक्सिलेटर दाबाल तसं चाक आणखी रुततं. मग ट्रॅक्टर येईपर्यंत भरती येते. बॉनेटपर्यंत पाण्यात गेलेली गाडी मी दोनदा पाहिली आहे. गाडी रस्त्यावर लावून शंभर पावलं चालायला काय हरकत आहे, हे मला आजवर कोणी पटवून दिलेलं नाही.

दुसरी माझ्या डोक्यात जाणारी चूक म्हणजे दोन दिवसांत सगळं "करून टाकणं". अलिबाग, कोर्लई, जंजिरा, दिवेआगर, हरिहरेश्वर, वर हर्णै. नकाशावर बोटभर अंतर दिसतं, पण मध्ये खाड्या आहेत. आगरदांड्याहून दिघीला आणि बागमांडल्याहून वेसवीला फेरीबोटीने गाडी पलीकडे न्यावी लागते, नाहीतर मोठा वळसा. सुट्टीच्या दिवशी जेट्टीवर रांग लागते. शेवटची बोट किती वाजता सुटते हे मी त्याच दिवशी जेट्टीवर विचारते, जुन्या माहितीवर विसंबत नाही. दोन दिवस असतील तर एकच तुकडा घ्या: रेवदंडा-कोर्लई-मुरूड, किंवा केळशी-आंजर्ले-हर्णै.

घाईत काय सुटतं ते सांगते. कोर्लईला लोक किल्ल्यावर चढतात, दीपगृहापाशी फोटो काढतात आणि वीस मिनिटांत गाडीत बसतात. खाली गावात ख्रिस्ती वाड्यात घरोघरी पोर्तुगीज मिसळलेली बोली बोलतात. ते लोक तिला "नौ लिंग" म्हणतात, म्हणजे आपली भाषा. पोर्तुगीज इथून १७४० साली गेले, भाषा राहिली. एखाद्या दुकानाशी चहा घेत दहा मिनिटं थांबलात तर ती कानावर पडते. माझ्या माहेरच्या गावापासून हे खाडीपलीकडे, तरी मला दर वेळी तिथे थांबावंसं वाटतं.

जंजिऱ्याला राजपुरीहून शिडाच्या होडीने जातात. महादरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. दिसला की सगळे एकदम उठून उभे राहतात, होडी कलते, पायरी शेवाळलेली. खलाशी हात देईपर्यंत बसून राहा. पावसाळ्यात किल्ला बंद असतो, तेव्हा "कोणी सोडेल का" विचारत फिरू नका.

हर्णैला दुपारी बाराला पोचून "बंदरात काहीच नाही" म्हणणारे पुष्कळ भेटतात. लिलाव संध्याकाळी रंगतो. होड्या किनाऱ्याशी आल्या की बैलगाड्या पाण्यात शिरतात आणि मासळी भरून वर येतात. पाट्या ओतल्या जातात, बोली चालते, सगळं झपाट्याने. तिथे मध्ये उभं राहून एका पापलेटसाठी घासाघीस करू नका, तो घाऊक बाजार आहे. मी चारच्या सुमारास जाते, कडेला उभी राहते आणि लिलाव उरकल्यावर बाहेर बसलेल्या बायकांकडून घेते. समोरच्या समुद्रातल्या सुवर्णदुर्ग किल्ल्यासाठी वेगळी सकाळ ठेवा. २०२५ साली तो जागतिक वारसा यादीत गेला, त्याला संध्याकाळच्या उरल्यासुरल्या तासात कोंबू नका.

जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा ताज्या सुरमईचा हट्ट नको. घरगुती खाणावळीत जेवण हवं असेल तर सकाळीच सांगा, आणि मांदेली, बोय, तिसऱ्या जे घरात असेल ते घ्या, पापलेट कुठेही मिळतं.

आणि एक. कोळीवाड्याजवळच्या मोकळ्या जागेत गुलाबी वाळूसारखं काही पसरलेलं दिसलं तर तो जवळा असतो, म्हणजे अगदी बारीक कोळंबी, उन्हात वाळत घातलेली. लोक त्यावरून चपलांनी चालतात, मुलं सायकली घालतात. एका बाईंची सकाळची सगळी मेहनत मी अशी तुडवली गेलेली पाहिली आहे. कडेने जा, फोटो काढण्याआधी विचारा. त्यांच्याकडून अर्धा किलो जवळा घेतलात तर आज खडकावरून किती वाजेपर्यंत जाता येईल, हेही त्या सांगतील. न्यायला घट्ट झाकणाचा डबा घरूनच आणा.